बोअरवेलच्या पाण्याची खाजगी तपासणी : कळंबोलीतील एका सोसायटीचा अभिप्राय

तळोजा औद्योगिक वसाहतीच्या जवळ, कळंबोली नोडमध्ये (नवी मुंबईच्या एका नियोजित उपनगरात) असलेल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेने या वर्षी आवारातील बोअरवेलच्या पाण्याची सविस्तर तपासणी नवी मुंबईतील एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या एका खाजगी प्रयोगशाळेकडून करून घेतली. खारघर, कामोठे, नावडे आणि आसपासच्या अनेक सोसायट्या सध्या अशाच विचारात आहेत, म्हणून या सेवेबद्दलचे मत येथे नोंदवीत आहे. प्रयोगशाळेचे नाव दिलेले नाही, कारण ज्या त्रुटी लिहिणार आहे त्यांपैकी मोठी त्रुटी तिची नाहीच.

तपासणीची गरज का वाटली, हे या भागातील रहिवाशांना समजावून सांगावे लागत नाही. कासाडी नदीचे पाणी आणि रात्रीचा वास हे येथील जुने विषय आहेत, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले तेव्हा ती बातमी देशाबाहेरही गेली. त्याहून जुनी आणि अधिक गंभीर नोंद सरकारदरबारीच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक समूहांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला आणि ज्यांचा निर्देशांक ७० च्या वर गेला अशा ४३ ठिकाणांना अतिगंभीर प्रदूषित ठरवले, त्या यादीत चंद्रपूर, डोंबिवली आणि तारापूरबरोबर नवी मुंबईही होती. आमच्याकडे बोअरवेलचे पाणी बागेला, गाड्या धुण्याला आणि शौचालयांना वापरतात, परंतु उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडले की तेच पाणी वरच्या टाकीत सोडले जाते, आणि मग ते कोणाच्या घरात कशासाठी वापरले जाते यावर समितीचे काहीही नियंत्रण राहत नाही.

प्रथम सेवेविषयी. नमुना घ्यायला आलेला तंत्रज्ञ आपल्या कामात पक्का होता. त्याने पंप सुरू करून पाइपमध्ये साचलेले पाणी आधी वाहून जाऊ दिले, जड धातूंसाठीच्या प्लास्टिकच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घातले, जिवाणूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी ठेवली, तेल आणि ग्रीससाठी काचेची बाटली वापरली आणि सगळे बर्फाच्या पेटीत ठेवले. या गोष्टी किरकोळ वाटल्या तरी त्यांच्याशिवाय अहवालाला अर्थ नसतो, कारण आम्ल न घातलेल्या बाटलीत धातू आतल्या बाजूला चिकटून बसतात आणि प्रयोगशाळेत पोहोचणारे पाणी प्रत्यक्षाहून स्वच्छ निघते. सोसायटीच्या वॉचमनने बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून पाठवलेला नमुना काही प्रयोगशाळा स्वीकारतात, तसे करू नये.

विक्री विभागाचे वर्तन मात्र वेगळे होते. त्यांचा प्रतिनिधी खिशातून टीडीएस मीटर काढून आकडा दाखवत होता आणि त्या आकड्याच्या जोरावर प्रत्येक मजल्यासाठी आरओ यंत्राचा प्रस्ताव पुढे करत होता. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. खाडीजवळच्या जमिनीत तो आकडा चढा येणे स्वाभाविक आहे आणि त्याचा कारखान्यांशी संबंध असेलच असे नाही. उलट, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे, तर एकूण विरघळलेल्या क्षारांची ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० मिलिग्रॅम. शिसे मर्यादेच्या पाचपट असले तरी खिशातल्या मीटरचा काटा त्याने हलणार नाही. भीती दाखवणारा आकडा निरुपद्रवी आणि घातक आकडा अदृश्य, अशी ही व्यवस्था आहे, आणि विक्रेत्याला ती सोयीची आहे.

पॅकेज निवडताना आणखी एक गोष्ट विचारावी. अहवालात अनेक घटकांपुढे 'आढळले नाही' असा शेरा असतो, पण कोणत्या प्रमाणाच्या खाली आढळले नाही हे त्याच ओळीत लिहिलेले असले पाहिजे. प्रयोगशाळेचे यंत्र शिसे ०.०५ मिलिग्रॅमपासून पुढेच मोजू शकत असेल, तर ०.०१ च्या मर्यादेसाठी तो शेरा निरुपयोगी आहे. आम्ही धातूंचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस पद्धतीचा आग्रह धरला, त्यासाठी जास्त पैसे मोजले आणि ते योग्यच ठरले. स्वस्त पॅकेजमध्ये टीडीएस, कठीणता, क्लोराइड, पीएच आणि जिवाणू एवढेच असते, आणि औद्योगिक वसाहतीशेजारच्या बोअरवेलसाठी एवढी तपासणी पुरेशी नाही.

अहवाल सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा आला, मात्र स्वच्छ आणि वाचता येण्यासारखा होता. क्षार आणि कठीणता मानकाच्या स्वीकार्य मर्यादेपेक्षा अधिक निघाली, याचे नवल नव्हते. एका जड धातूचे प्रमाण मर्यादेच्या वर होते, आणि ते मात्र अपेक्षित नव्हते. प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ बाईंनी फोनवर अतिशय संयमाने सांगितले की एका नमुन्यावरून हा धातू कोठून आला हे ठरवता येणार नाही, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पुन्हा नमुना घ्यावा लागेल, आणि तोपर्यंत हे पाणी वरच्या टाकीत सोडू नये. एवढा प्रामाणिक सल्ला क्वचित मिळतो. त्याच अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात छापले होते की निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते मर्यादित आहेत आणि अहवाल कायदेशीर कारवाईसाठी वापरता येणार नाही. समितीतील काही सभासदांना ही प्रयोगशाळेची पळवाट वाटली. मला तसे वाटत नाही. ती ओळ खरी आहे, आणि आपण पैसे मोजून घेतलेली सेवा नेमकी कोठे थांबते हे तीच ओळ सांगते.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात 'प्रवाह' या संज्ञेत भूगर्भातील पाणीही येते, त्यामुळे आमची बोअरवेल त्या कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. परंतु पाणी दूषित आहे हे दाखवणे आणि ते कोणी दूषित केले हे सिद्ध करणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचा नमुना लागतो, आणि कलम २१ प्रमाणे तो राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा मंडळाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला त्याच ठिकाणी नोटीस देऊन, त्याच्या समक्ष दोन भागांत विभागून, सीलबंद करून घ्यावा लागतो. ही रीत पाळली नाही तर त्या नमुन्याचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. ही तरतूद कारखानदारावर अन्याय होऊ नये म्हणून आहे आणि ती योग्यही आहे. मात्र तिचा दुसरा अर्थ असा की फाटकातून आत जाण्याचा अधिकार, पुरावा निर्माण करण्याचा अधिकार आणि कलम ३३अ खाली वीज व पाणी तोडून कारखाना बंद करण्याचा अधिकार, हे तिन्ही नागरिकाच्या हाती नाहीत. प्रयोगशाळा कितीही उत्तम असली तरी ती यांपैकी एकही विकू शकत नाही. जे अधिकार कायद्याने सरकारी यंत्रणेसाठी राखून ठेवले आहेत, ते न वापरल्याची जबाबदारी रहिवाशांच्या वर्गणीवर टाकता येणार नाही.

हे काही नवे मत नाही. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्यामुळे होणाऱ्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली, कारखान्याची पारा वापरणारी प्रक्रिया १९६८ पर्यंत चालू राहिली, आणि २००४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकार आणि कुमामोतो प्रांत यांना नुकसानभरपाईस जबाबदार धरले. सांडपाणी रोखण्याचे अधिकार हाती असताना १९५९ च्या अखेरीनंतरही ते वापरले नाहीत, हाच त्यांचा दोष ठरला. आपल्याकडे राजस्थानातील बिछडी गावाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथे एच-आम्ल हे रंगनिर्मितीत लागणारे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळामुळे विहिरींचे पाणी गडद रंगाचे झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी हे तत्त्व लागू केले आणि खर्च ठरवून वसूल करण्याचे काम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारकडे सोपवले. ३७ कोटींहून अधिक रकमेच्या वसुलीचा वाद त्यानंतर २०११ पर्यंत त्याच न्यायालयात चालू होता. तत्त्व स्पष्ट असूनही वसुलीला इतकी वर्षे लागतात, तेव्हा तपासणीचा पहिला खर्चही ज्याच्या विहिरीत घाण उतरली त्यानेच करायचा, ही उलटी वसुली आहे.

अहवाल घेऊन आम्ही संबंधित कार्यालयांकडे गेलो. एका ठिकाणी सांगण्यात आले की बोअरवेल ही सोसायटीची खाजगी बाब आहे, दुसऱ्या ठिकाणी, विषय आमच्या हद्दीत येत नाही. हद्दींचा गुंता खराच आहे, कारण नोड वसवला सिडकोने, २०१६ पासून महापालिका आहे पनवेलची, औद्योगिक वसाहत एमआयडीसीची आणि सांडपाण्यावरचा अधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. परंतु हा गुंता रहिवाशांनी निर्माण केलेला नाही. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि मद्यार्क कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध दाद मागितली तेव्हा नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण सांगितले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते कारण फेटाळून लावले. निधी नाही ही सबब चालत नसेल, तर हद्द नाही ही सबब चालण्याचे कारण दिसत नाही. त्या प्रकरणात वापरलेली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे, आणि त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करता येतो.

तरीही तपासणी करू नये असे मी म्हणणार नाही. नमुना घेण्याची पद्धत, यंत्रसामग्री आणि रसायनशास्त्रज्ञांचा सल्ला यांसाठी या प्रयोगशाळेला पाचपैकी चार गुण देईन, आणि आरओच्या विक्रीसाठी व उशिरासाठी एक कापेन. वार्षिक कराराचा त्यांचा प्रस्ताव आम्ही अर्धाच स्वीकारला आहे : फक्त जड धातू, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आणि नमुना घेताना समितीच्या दोन सभासदांची सही.

इतर सोसायट्यांनी अहवाल फाइलमध्ये ठेवून थांबू नये. त्याची प्रत जोडून राज्य मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी की परिसरातील सांडपाण्याच्या निकासांवर कलम २१ प्रमाणे नमुने घेतले जावेत आणि बोअरवेलचा नमुना मंडळाच्या प्रयोगशाळेत तपासला जावा. अर्जाची पोच घ्यावी. मंडळाने दिलेल्या संमतींची नोंदवही त्याच कायद्याच्या कलम २५(६) नुसार बाधित व्यक्तीला पाहता येते, ती पाहण्याची मागणीही त्याच अर्जात करावी, म्हणजे कोणत्या निकासातून काय सोडण्याची परवानगी दिली आहे हे अहवालातील धातूंच्या यादीशी ताडून पाहता येईल. आमचा अर्ज या दोन्ही मागण्यांसह गेला आहे, आणि बोअरवेलपासून वरच्या टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह समितीने सध्या कुलूप लावून बंद ठेवला आहे.