जीएसटीच्या कामासाठी नवा लॅपटॉप आणि दोन मॉनिटर: पावसाळाभराच्या वापरानंतर

सांगलीत माझी करसल्लागाराची प्रॅक्टिस आहे. मार्चअखेरची धावपळ ओसरल्यावर १४ इंची विंडोज लॅपटॉप घेतला आणि त्याला दोन मॉनिटर जोडले. उन्हाळा, वळीव आणि अख्खा पावसाळा या जोडणीवर काम झालं, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

दोन मॉनिटर घेतले ते २बीसाठी (जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी यादी). १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराचं बिल जीएसटीआर-२बीमध्ये दिसल्याशिवाय इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येत नाही. मासिक रिटर्नवाल्यांचा २बी १४ तारखेला येतो आणि ३बी (महिन्याचा कर भरण्याचं रिटर्न) २० तारखेपर्यंत भरायचा असतो. मधल्या दिवसांत प्रत्येक पार्टीचं (माझ्या क्लायंटचं) खरेदी रजिस्टर २बीशी ताडायचं. एकाच स्क्रीनवर दोन शीटमध्ये ये-जा करताना बिल नंबर डोक्यात धरून ठेवावा लागायचा. आता समोरच्या २७ इंचीवर रजिस्टर असतं आणि डावीकडच्या २४ इंचीवर २बी. हा २४ इंची मी उभा फिरवून लावलाय. एक्सेलची नेहमीची ओळ २० पिक्सेल उंच असते. फुल एचडी मॉनिटर उभा केला की उंची १०८० वरून १९२० पिक्सेल होते आणि एका नजरेत दुपटीच्या आसपास ओळी दिसतात. संपूर्ण खर्चात सगळ्यात जास्त फायदा याच एका गोष्टीचा झाला. फक्त पॅनल आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग टिकवणारं) हवं, स्वस्त टीएन पॅनल उभं केलं की बाजूने रंग उडतात. अक्षरांच्या कडा रंगीत दिसल्या तर विंडोजमधलं क्लीअरटाइप (अक्षरं रेखीव दाखवणारी सोय) त्या मॉनिटरवर पुन्हा जुळवून घ्या.

खरेदीआधी मात्र मॉनिटरपेक्षा लॅपटॉपचं पोर्ट तपासा. माझ्या लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट आहेत, बाहेरून अगदी सारखे. चित्र बाहेर जातं ते एकातूनच, दुसरं फक्त डेटा आणि चार्जिंगचं. स्पेसिफिकेशनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा थंडरबोल्ट (म्हणजे त्या पोर्टमधून चित्र जातं) लिहिलंय का ते दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर न सोडता स्वतः वाचायचं. केबलचंही तसंच. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणारी टाइप-सी केबल बहुधा यूएसबी २.० ची असते, तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. लॅपटॉप चार्ज होतो, मॉनिटर काळाच राहतो, आणि माणूस उगाच मॉनिटरवर संशय घेतो. ४के मॉनिटर घेणार असाल तर हबचं (एका टाइप-सीतून अनेक पोर्ट देणाऱ्या डबीचं) एचडीएमआय २.० आहे ना ते पाहा. १.४ वर ४के ३० हर्ट्झलाच अडकतं आणि माउसचा बाण मागे मागे राहतो.

मी डॉक, म्हणजे मोठा हबच, घेतला. लॅपटॉपला एकच केबल लावली की दोन्ही मॉनिटर, प्रिंटर आणि चार्जिंग सगळं चालू होतं. पार्टीकडे जायचं असलं की एक केबल काढून निघायचं, हे सुख रोजचं आहे. डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन मात्र थेट लॅपटॉपलाच लावतो, डॉकमधून तो अधूनमधून ओळखला जात नाही. हाच डॉक मुलीच्या एम-१ मॅकबुक एअरला लावून पाहिला, तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र आलं. त्या मॉडेलला अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. मॅकवाल्यांनी हे आधीच बघावं.

लॅपटॉपची स्क्रीन १५० टक्के स्केलिंगवर (अक्षरं दीडपट मोठी) आणि मॉनिटर १०० वर, त्यामुळे एक जुनं सॉफ्टवेअर मॉनिटरवर नेलं की पुसट दिसायचं. त्याच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली हाय डीपीआयची सेटिंग आहे, ती बदलल्यावर अक्षरं स्वच्छ झाली.

उंचीबद्दल सगळे सांगतात, मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे जवळचं काचेच्या खालच्या भागातून दिसतं. तसं ठेवल्यावर वाचायला हनुवटी वर करावी लागायची आणि संध्याकाळी मान धरायची. मॉनिटर चांगला चार बोटं खाली घेतला आणि दुखणं थांबलं. पन्नाशीच्या आसपासच्या सगळ्यांनी हे करून बघाच.

वळवाच्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी हमखास लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मॉनिटर बंद पडतात आणि सगळ्या विंडो लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर गोळा होतात. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू केल्यावर लाइट आली की बहुतेक विंडो आपापल्या जागी जातात. पुढे मॉनिटर, डॉक आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. मॉनिटर फार वीज खात नाहीत.

एक त्रास अजून आहे. डिस्प्लेपोर्टवरचा २७ इंची झोपेतून कधीकधी उठत नाही, केबल काढून लावावी लागते. डॉकचं फर्मवेअर अपडेट केल्यावर हे कमी झालं, पूर्ण गेलं नाही. १८-१९ तारखेला, पोर्टल आधीच रखडत असताना, तेवढ्यानेही जीव वैतागतो, म्हणून त्या आठवड्यात मी स्लीप बंदच ठेवतो.