पेग मोजण्याचे स्टीलचे माप : तीन महिन्यांच्या वापरानंतर

शिमग्याच्या आधी सावंतवाडीच्या बाजारातून, भांड्यांच्या एका दुकानातून, मी पेग मोजण्याचे दुतोंडी माप १२० रुपयांना घेतले. आकार डमरूसारखा असून त्याच्या एका तोंडात ३० मिलिलिटर आणि दुसऱ्यात ६० मिलिलिटर मावते, असे दुकानदाराने सांगितले. मापावर कंपनीचे नाव नाही. आकडे तळाशी आतल्या बाजूला इतके बारीक कोरले आहेत की संध्याकाळी, म्हणजे ज्या वेळी या वस्तूची गरज पडते नेमक्या त्याच वेळी, ते चष्मा लावूनही दिसत नाहीत.

वेंगुर्ल्याला घरी आल्यावर प्रथम ते पाण्याने तपासले. आईच्या औषधासाठी आणलेली १० मिलिलिटरची सिरिंज हाताशी होती. लहान तोंडात तीन सिरिंज पाणी अगदी काठोकाठ बसले. मोठ्या तोंडात मात्र सहाव्या सिरिंजमध्ये दोन मिलिलिटर शिल्लक असतानाच पाणी ओघळू लागले. एवढा फरक मला चालण्यासारखा वाटतो. शिवाय काठोकाठ भरलेले माप न सांडता ग्लासात रिकामे करणे अवघड असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमीच पडते. दोन तोंडांच्या जोडात पाणी साचून राहते. धुतल्यावर उपडे ठेवले तरी ते पूर्ण निथळत नाही. खाऱ्या हवेत तीन महिने राहूनही गंज मात्र आलेला नाही.

माप घेण्याचे कारण आमचे थोरले बंधू. दादा रोज रात्री जेवणापूर्वी पडवीत बसून व्हिस्की घेतात आणि कोणी विषय काढलाच तर त्यांचे उत्तर ठरलेले असते : "मी खंय पितंय? दोनच पेग तर घेतंय." त्यात खोटे काही नव्हते, कारण ग्लास खरोखर दोनच भरले जात. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिकाम्या बाटलीत पाणी घालून दिले आणि नेहमीसारखा एक पेग स्टीलच्या पेल्यात ओतायला सांगितले. दादांनी सवयीने पेल्याला बाहेरून दोन बोटे लावली आणि ओतले. तो पेला मी मापात रिता केला. मोठे तोंड एकदा भरले आणि त्यानंतर लहानही भरले. म्हणजे दादांचा एक पेग ९० मिलिलिटरचा आणि दोन पेग मिळून १८० मिलिलिटरचे, ज्याला सारा महाराष्ट्र क्वार्टर म्हणतो. बाटलीच्या लेबलवर ४२.८ टक्के असे छापलेले असते; त्या हिशेबाने ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते आणि क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. योगायोग असा की एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिमद्यपानाचा प्रसंग मानते आणि तो महिन्यातून एकदा घडला तरी नोंद घेते. दादांच्या बाबतीत तो रोज, वरणभाताच्या आधी, घडत होता.

त्याच संघटनेच्या २०१८ सालच्या अहवालात भारतातील १५ वर्षांवरील व्यक्तींचा २०१६ मधील माणशी वापर ५.७ लिटर शुद्ध अल्कोहोल असा दिला आहे. दिवसाला भागले तर तो सव्वा छोट्या पेगाइतका येतो. असा रोज सव्वा पेग घेणारा सरासरी माणूस मला वेंगुर्ल्यात अजून भेटायचा आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १३.९ टक्क्यांनी आणि हद्दीपलीकडच्या गोव्यात ३६.९ टक्क्यांनी दारू घेत असल्याचे सांगितले. म्हणजे बहुसंख्य माणसे ग्लासाला हातच लावत नाहीत. आमच्याच घराचा हिशेब मांडला तर मोठी माणसे सात आणि पिणारे एकटे दादा, तेव्हा ६० ग्रॅम सातांत वाटून घराची सरासरी एका छोट्या पेगाहूनही कमी भरते आणि त्यात चहाशिवाय काही न घेणाऱ्या ८४ वर्षांच्या आईच्या नावावरही जवळजवळ एक पेग चढतो!

दुसरा हिशेब सकाळचा. दादांची पर्यटकांसाठीची गाडी आहे आणि कोकण रेल्वेच्या गाडीसाठी त्यांना कधीकधी पहाटे पाचला निघावे लागते. यकृत साधारणपणे तासाला एका छोट्या पेगाइतके किंवा थोडे कमीच अल्कोहोल निकाली काढते. रात्री अकराला संपलेल्या सहा छोट्या पेगांना सहा तास अपुरेही पडू शकतात. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे. हे मात्र दादांना पटले. आकडेवारीपेक्षा परवान्याची भीती मोठी ठरली असावी. रोजची सवय एकदम तोडल्यास थरथर, झटके आणि भ्रम होण्याचा धोका असतो, म्हणून प्रमाण कसे उतरवायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवले.

बिअरसाठी हे माप निरुपयोगी आहे. तिथे बाटलीवरचे टक्केच वाचावे लागतात : ८ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची एक स्ट्राँग बाटली म्हणजे जवळजवळ चार छोटे पेग; तीही ‘नुसती बिअर’ म्हणून घेतली जाते. माडाच्या रसाच्या माडीला तर कोणतेच माप लागू पडत नाही, कारण सकाळी गोड लागणारी माडी आंबत जाऊन संध्याकाळपर्यंत आंबट आणि कडक होते. काजूच्या हंगामातली, बोंडांच्या रसापासून काढलेली हुर्राक ही दारू फेणीपेक्षा सौम्य असते खरी, पण ती लिंबू आणि सोड्यात घालून मोठ्या ग्लासाने प्यायली जात असल्याने सौम्यपणाचा फायदा उरत नाही.

मापाची खरी त्रुटी अशी की ते एका ओतण्याचे प्रमाण सांगते, किती वेळा ओतले ते सांगत नाही. पहिल्या आठवड्यात दादांनी मोठे तोंड तीनदा भरले आणि "मापानच घेतलंय" असे समाधानाने सांगितले. आता ते लहान तोंड दोनदा भरतात, कधी तीनदा, आणि प्रत्येक वेळी पडवीच्या भिंतीवर खडूने रेघ ओढतात. वहिनी सकाळी ती मोजूनच पुसतात.

१२० रुपयांत वस्तू चांगली आहे. आकडे बाहेरून आणि ठळक असते तर पाचपैकी पाच तारे दिले असते, आता चार देतो. मागच्या आठवड्यात आईने काढ्यासाठी ते उचलून देवघराच्या फळीवर नेले आणि परत द्यायला तयार नाही, म्हणून दुसरे आणावे लागले. ते सिरिंजने तपासायचे अजून बाकी आहे.