एकच रानवाट, दोन वाहने: व्हीलचेअर की मोबिलिटी स्कूटर?

रानवाटेच्या माहितीपत्रकात 'व्हीलचेअरसाठी सुगम' एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावर विसंबून निघणे धोक्याचे आहे. हाताने चालवायची व्हीलचेअर आणि बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर यांची अडण्याची ठिकाणे बहुधा निरनिराळी असतात, आणि वाटेची पारख करायची ती तिच्या सरासरीवरून नव्हे, तर सर्वांत वाईट पाच-दहा मीटरांवरून.

चढाच्या बाबतीत स्कूटर सरस ठरते. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या ताब्यातील वाटांसाठी २०१३ साली ठरलेल्या निकषांनुसार १:२० पर्यंतच्या (म्हणजे २० मीटर पुढे जाताना १ मीटर वर चढणाऱ्या) चढाला लांबीची मर्यादा नाही. १:१२ पर्यंतचा चढ मात्र सलग ६१ मीटर, १:१० पर्यंतचा ९ मीटर आणि १:८ पर्यंतचा अवघा ३ मीटर चालतो, त्यानंतर विसाव्याची जागा लागते. कागदावर हे आकडे सौम्य वाटतात, पण १:१२ चे ६१ मीटर म्हणजे आपल्या दोन हातांच्या बळावर खुर्चीसकट सुमारे ५ मीटर उंची गाठणे होय.

माझ्या मते चढापेक्षा आडवा उतार, म्हणजे वाटेचे एका कडेला कललेले असणे, अधिक त्रासदायक असतो आणि नेमका तोच क्वचित मोजला जातो. व्हीलचेअर सतत खालच्या कडेकडे ओढली जाते, त्यामुळे त्या बाजूच्या हातावर सगळा भार येऊन खांदा लवकर थकतो. तीनचाकी स्कूटरला तर अशा जागी वळताना कलंडण्याचाच धोका असतो. मोजमाप सोपे आहे: एक मीटर लांबीची सरळ पट्टी वाटेवर आडवी ठेवावी, तिच्यावर पाणसळ ठेवावी आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत खालचे टोक उचलावे. त्या टोकाखाली ५ सेंटिमीटर फट पडली, तर उतार १:२० इतका आहे. कच्च्या वाटेसाठी वरील निकषांची मर्यादा तेवढीच आहे.

पृष्ठभागाचा कौल मिश्र आहे. सुट्या खडीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाके रुततात आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. दाबून बसवलेल्या बारीक खडीवर हीच खुर्ची सुरळीत चालते. स्कूटरची चाके मोठी असल्याने ती खडी पार करते, परंतु तिचे पोट जमिनीलगत असल्यामुळे झाडाच्या आडव्या मुळावर ते टेकू शकते.

रुंदी आणि फाटके यांत मात्र स्कूटर मागे पडते. वरील निकषांत वाटेची किमान रुंदी ९१५ मिलिमीटर आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावर चालवायच्या तिसऱ्या वर्गातील स्कूटर ८५ सेंटिमीटरपर्यंत रुंद असू शकते. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन सेंटिमीटर उरतात! व्हीलचेअर सुमारे दीड मीटरच्या वर्तुळात फिरते, तर लांब स्कूटरला मागे-पुढे करत वळावे लागते. त्यामुळे वळसा घालून जायच्या अरुंद फाटकात ती अडकते.

म्हणून वाट लांब, चढणीची पण रुंद असेल, तर स्कूटर न्यावी; सपाट पण फाटकांची असेल, तर व्हीलचेअर बरी. स्कूटर नेणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा: चढ आणि मऊ जमीन यांवर बॅटरी उत्पादकाने सांगितलेल्या अंतराच्या बरीच आधी संपते, तेव्हा अर्धी उतरण्यापूर्वीच परत फिरावे.