माथेरान की महाबळेश्वर? सोबत कोण आहे ते आधी बघा

जोडून सुट्टी आली की आमच्या घरात हीच दोन नावं निघतात. पॉइंट, घोडे, माकडं, चिक्की दोन्हीकडे आहेत, त्यामुळे फोटो बघून काही ठरत नाही. मी आधी विचारते, गाडीत कोण कोण बसणार आहे?

चालणारी मंडळी असतील तर डोळे झाकून माथेरान. दस्तुरी नाक्याला गाडी लावायची आणि तिथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर, नाहीतर अमन लॉज स्टेशनहून सुटणाऱ्या शटल रेल्वेने जायचं. ई-रिक्षा आता आहेत, पण मोजक्याच. पुढे मोटारींना बंदी आहे आणि माथेरानचं सगळं सुख या बंदीत आहे. पहाटे पॅनोरमा पॉइंटच्या वाटेवर लाल मातीत टापांचा मऊ आवाज तेवढा येतो. मुलांचा हात सोडून चालता येईल असे रस्ते आपल्याकडे राहिलेत कुठे? ऐन दुपारी शार्लोट तलावाच्या काठी झाडाखाली बसा, जवळच पिसरनाथाचं देऊळ आहे. नेरळहून वर चढणारी छोटी रेल्वेगाडी १९०७ सालची. तिकीट मिळालं तर सोडू नका. पावसाळ्यात मात्र नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो.

खाण्याच्या बाबतीत माथेरान साधं. वर येणारं सामान घोड्यांवरून आणि हातगाड्यांवरून येतं, म्हणून दर खालच्यापेक्षा चढे. त्यावरून घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. जेवणासकट खोली घ्या, संध्याकाळी बाजारात ताजी चिक्की घ्या आणि ती पिशवीत नीट आत ठेवा. गेल्या वेळी माझ्या भाचीच्या हातातला कणसाचा तुकडा माकडाने असा अलगद उचलला, की तिला कळायच्या आत ते झाडावर.

आजी-आजोबा बरोबर असतील तर महाबळेश्वर. इथे पॉइंट लांब लांब आहेत, पण बहुतेक ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते. माथेरान साधारण ८०० मीटरवर, हे १३५०च्या वर, त्यामुळे थंडी खरी लागते. आजोबांची कानटोपी विसरू नका. आर्थर सीटची दरी बघाच. पण वेळ एकाच जागी द्यायचा असेल तर मी क्षेत्र महाबळेश्वरला देईन. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री एकत्र येऊन गोमुखातून पडतात. जरा पुढे कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथे गर्दी कमी. शेवाळलेल्या कुंडाशी उभं राहिलं की पाण्याची धार आणि आपला श्वास एवढंच ऐकू येतं.

खवय्यांचा कौल तर सरळ महाबळेश्वरलाच. डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरीचे दिवस. पाचगणी रस्त्यावर मॅप्रो गार्डनला स्ट्रॉबेरी विथ क्रीम खायला रांगा लागतात. रविवारी दुपारी तिकडे फिरकूच नका, सकाळी लवकर जा. बाजारात कॉर्न पॅटिस आणि नाना चवींचे फुटाणे. आणि प्रतापगडाला जाणार असाल तर पोट रिकामं ठेवा, वर झुणका-भाकर आणि ताक मिळतं. पायऱ्या मात्र भरपूर आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना त्या दिवशी वेण्णा तलावावर सोडा.

जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला पाऊस नुसता कोसळतो, धुक्यात पॉइंटवरून काहीच दिसत नाही. तेव्हा जायचं ते पावसासाठीच.

मुंबईकरांना एका रात्रीत माथेरान होतं. महाबळेश्वरला दोन रात्री हव्यात, आणि परतताना पसरणी घाट उतरून वाईला थांबा. ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन नदीच्या घाटावर बसा. सकाळी वर गोमुखातून पडताना पाहिलेली कृष्णा इथे पायऱ्यांना लागून वाहत असते.