शाळा सुटल्यानंतरची केंद्रं: उपक्रमांच्या यादीआधी हजेरीची वही पाहा

शाळा सुटल्यापासून आईबाबा कामावरून येईपर्यंत मुलांना सांभाळणारी केंद्रं माहितीपत्रकात सारखीच दिसतात: रोबोटिक्स, बुद्धिबळ, चित्रकला, गृहपाठ. त्या यादीवरून केंद्र ठरवू नका. खरा दर्जा कळतो मूल येतं आणि जातं त्या वेळी. म्हणून केंद्र बघायला जायचं ते शाळा सुटण्याच्या वेळेलाच, सकाळी रिकाम्या खोल्या बघायला नव्हे.

शाळेच्या फाटकापासून केंद्राच्या दारापर्यंत मूल नेमकं कोणाच्या जबाबदारीवर असतं, हे अनेक ठिकाणी धूसर असतं. शाळेने सोडलेलं असतं, केंद्राने अजून ताब्यात घेतलेलं नसतं. थेट विचारा: यादीतलं मूल आलं नाही तर पहिला फोन कोण, कोणाला आणि किती मिनिटांत करतं? चांगल्या केंद्रात उत्तर तयार असतं. गाडीत चढताना एक हजेरी, दारात दुसरी. नाव जुळलं नाही तर दहा मिनिटांच्या आत पालकांना आणि शाळेला फोन. ‘आमच्याकडे तसं कधी झालंच नाही’ म्हणणारं केंद्र आमच्या मते नापास. मूल आजारी म्हणून घरी राहतं आणि पालक कळवायला विसरतात, असं सर्रास होतं. अशा प्रत्येक वेळी चौकशी झाली नाही, तर गैरहजेरी सोडून द्यायची सवय लागते आणि मूल खरोखर वाटेत राहिलं त्या दिवशीही कोणी फोन करत नाही.

न्यायला येणाऱ्यांची नावं लेखी हवीत. यादीत नसलेल्या माणसाकडे मूल देण्याआधी पालकांना फोन गेलाच पाहिजे, मग तो सख्खा काका का असेना.

कर्मचारी किती, हे कागदावर नको, खोलीत मोजा. तेही संध्याकाळी उशिरा, कारण पाळी संपली की माणसं कमी होतात. सहा वर्षांवरच्या मुलांसाठी एका मोठ्या माणसामागे १० ते १५ मुलं ठीक, त्याहून लहान असतील तर ८ ते १०.

गृहपाठाला ३०-४० मिनिटं पुरेत. रोज एकही चूक नसलेली वही घरी येत असेल तर खूश होऊ नका; ताई उत्तरं सांगत असाव्यात. मग मुलाला काय समजलेलं नाही, हे शाळेतल्या शिक्षकांना कळतच नाही. गृहपाठापेक्षा मैदानाला जास्त वेळ देणारं केंद्र आम्ही वरचं मानतो. ५ ते १७ वयोगटासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते, आणि दिवसभर बाकावर बसलेल्या मुलाला ती मिळण्याची हीच वेळ.

पोहणं, नृत्य असे एकेका विषयाचे क्लास शिकवण्यात सरस असतात, पण तासाभरात सुटतात. दोन क्लास जोडले की मधली ने-आण वाढते आणि वरचा हजेरीचा प्रश्न दुप्पट होतो. घरी कोणी असेल तरच हा पर्याय घ्या.

वर्षाची फी एकदम भरू नका. आधी दोन आठवडे चाचणी, मग महिन्यागणिक. मध्येच सोडल्यास किती पैसे परत, न्यायला उशीर झाल्यास किती दंड आणि शाळेच्या सुट्टीत केंद्र उघडं की बंद, या तिन्ही गोष्टी पहिला हप्ता भरण्याआधी लेखी घ्या.