चामड्याची डफली की फायबर पानाची?

भाचा हाताने डफली शिकायला लागलाय, रत्नागिरीत राहतो, काल विचारत होता मामा कुठली घेऊ. पान म्हणजे डफलीवर ताणलेला, वाजवायचा पडदा. दोन्ही वापरल्यात म्हणून सांगतो.

आवाजाला चामडंच. काठापासून जरा आत अंगठा मारला की जो घुमतो ना "धुम्", तो फायबरला येत नाही, तिथे सगळं जरा टणटणतं. पण पावसाळ्यात आपल्याकडे चामडं पापडासारखं सादळतं, वाजवायच्या आधी चुलीपाशी नाहीतर बल्बखाली धरून बसा, आणि जास्त तापलं तर फाटतं, माझं एक असंच गेलं, भर शिमग्यात! फायबरला ही कटकट नाही, फक्त खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, तेलाचा थेंब सोडत राहायचा.

वजन, खर्च दोन्हीकडे साधारण सारखंच, नवीन पान बसवणारा माणूस गावात आहे का ते आधी बघा. आणि कोणी घोरपडीच्या कातड्याची देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे तो.

रोज अर्धा तास बोटं बसवायचीत, जून-जुलैतही, तर फायबर घे. हात बसलाय आणि नमनात (आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात) वाजवायचीय, तर चामड्याची.