कॅपला ब्लीचिंग करून देतो म्हणतात त्यांच्यापासून सांभाळा

ज्यांच्या दाताला कॅप आहे किंवा बसवायची आहे त्यांनी वाचाच, थोडं लांबलंय. माझ्या वरच्या पुढच्या दाताला रूट कॅनलनंतर झिरकोनियाची (धातू नसलेलं पांढरं सिरॅमिक) कॅप बसवली होती, म्हणजे तसं सांगितलं होतं आणि पैसेही झिरकोनियाचेच घेतले होते. काही वर्षांनी हिरडीला लागून काळपट रेघ दिसायला लागली, कॅपही शेजारच्या दातांपुढे मळकट वाटायला लागली.

त्याच डॉक्टरांना दाखवलं तर म्हणे तुम्ही चहा फार पिता, डाग बसलेत, व्हाइटनिंगचं पॅकेज घ्या, कॅप पहिल्यासारखी होईल. पैसे आधीच भरून घेतले. जेल लावलं, निळा लाइट मारला, हिरड्या चुरचुरल्या आणि झालं काय, तर आजूबाजूचे खरे दात उजळले आणि कॅप जशीच्या तशी, उलट आता जास्तच उठून दिसायला लागली! विचारलं तर उत्तर काय, अजून सिटिंग लागतील.

मग दुसऱ्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या ब्लीचिंगचं पेरॉक्साइड खऱ्या दातावर चालतं, सिरॅमिकचा रंग लॅबमध्ये भट्टीतच पक्का होतो, तो कुठल्याच जेलने उजळत नाही. आता ही गोष्ट डेंटिस्टला माहीत नसेल हे मला तरी पटत नाही. आणि रेघ? ती डाग नव्हतीच, हिरडी थोडी वर सरकल्यामुळे कॅपची धातूची कड उघडी पडली होती. झिरकोनियात धातूची कड कुठून येणार? कॅप कापून काढली तेव्हा आत चक्क चकचकीत धातू आणि वरून पोर्सिलेनचा थर, म्हणजे मेटल-सिरॅमिक. ती कॅप वाईट असते असं नाही, दाढांना तर छान टिकते, पण मग तीच सांगा आणि तिचेच पैसे घ्या ना.

बिल काढून बघितलं तर त्यावर नुसतं "कॅप". तुम्ही मटेरियलचं नाव बिलावर लिहूनच घ्या, लॅबचं वॉरंटी कार्ड येत असेल तर तेही मागा आणि सिमेंटने चिकटवायच्या आधी कॅप हातात घेऊन आतून बघा. झिरकोनिया आतूनही पांढरट असतं, धातू लगेच कळतो. एकदा बसली की एक्स-रेतही दोन्ही पांढरेच दिसतात, मग बसा भांडत.

रंग बदलला म्हणजे दरवेळी फसवणूकच असते असंही नाही हां. चहा, तंबाखू किंवा क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश बरेच दिवस वापरल्याने वरवर डाग बसतात, ते क्लीनिंग-पॉलिशिंगने जातात. कोळशाच्या खरखरीत पेस्टने घासून घासून ग्लेझ, म्हणजे कॅपचा वरचा गुळगुळीत चकचकीत थर, गेलं असेल तर डाग परत परत धरतात, तिथे सिरॅमिकचं वेगळं पॉलिश करावं लागतं. कधी आतला रूट कॅनलचा दातच काळा पडलेला असतो आणि पारदर्शक सिरॅमिकमधून त्याची छाया दिसते. कडेला काळं आणि मऊ लागत असेल तर मात्र थांबू नका, आत कीड असू शकते आणि मग कॅप काढावीच लागते. म्हणजे आधी कारण शोधायचं, थेट पॅकेज नाही.

माझी नवीन कॅप लगेच केली नाही, ब्लीच केलेल्या दातांचा रंग स्थिरावायला मॅडमनी दोन आठवडे थांबवलं, मग शेड घेतली, म्हणजे कॅपचा रंग दातांशी जुळवून ठरवला, तोही दिवसाच्या उजेडात. दात खरंच पांढरे करायचे असतील तर ब्लीचिंग आधी आणि कॅप नंतर.

जुन्या कॅपचे तुकडे आणि मॅडमचं लेखी घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा पॅकेजचे पैसे गुपचूप परत मिळाले, कॅपचे नाही, म्हणे लॅबवाल्याची चूक. मग लॅबचं बिल दाखवा म्हटलं, ते अजून दाखवताहेत.